उलट्या उन्हाचा ढग

खैरनार पेंटरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो समुद्राला शिव्या देत होता. पंचवटीतल्या एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत भिंतीला मांजरपाटाचा भला मोठा पडदा ताणलेला होता. स्टोव्हवर रंगात घालायचा सरस उकळत होता, त्याचा वास कपड्यांत बसत होता, आणि हा लुंगी खोचून लाटांना म्हणत होता, "बस ना आता, किती हलशील." मला पाहून त्याने ब्रश खाली केला. "शेठ, तुम्ही समुद्र पाहिलाय का? कसा शे?"

तो नामपूरचा, 'आहे'ला 'शे' म्हणणारा, कांद्याच्या मार्केटशेजारी वाढलेला. समुद्र त्याने जन्मात पाहिला नव्हता. मीही नव्हता. पण धंद्यात नाही म्हणायची सवय नसते. म्हटलं, "निळा असतो आणि खारट असतो."

तो म्हणाला, "निळा काढतो. खारटाचं तुम्ही बघा."

मी सायखेड्याचा. नाशकात आलो तेव्हा दुसऱ्याच्या मंडपाचे बांबू खांद्यावरून वाहिले. मग स्वतःचे थोडे बांबू घेतले, मग टेम्पो, मग सिंहस्थाच्या वर्षी हात मोकळा झाला आणि गोदाम झालं. कोणी काही दिलं नाही, सगळं भांडून मिळवलं. माझं तोंड खराब आहे हे मला माहीत आहे. भाव करताना मी समोरच्याच्या डोळ्यात बघतो आणि पापणी हलली की थांबतो. खैरनारशी मात्र भाव करताच आला नाही. मी आकडा बोललो की तो मान डोलवायचा, सावकाश तंबाखू मळायचा आणि म्हणायचा, "शेठचा शब्द निम्म्यानं धरायचा, म्हणजे दुखत नाही."

ही त्याची माझ्याबद्दलची कायमची रीत. मी म्हटलं टेम्पो संध्याकाळी येईल, तर तो गड्यांना सांगायचा, उद्या सकाळी या. मी म्हटलं पडदा फार सुंदर झाला, तर तो सरस ढवळत म्हणायचा, "म्हणजे बरा झालाय." मला राग यायचा. पण त्याचा हिशोब चुकला असं कधी झालं नाही, म्हणून गप्प बसायचो.

नव्वदच्या सुमाराला लग्नाच्या मंडपात स्टेजमागे रंगवलेला पडदा लागायचाच. राजवाडा, कारंजं, हंस, डोंगरामागून उगवणारा सूर्य. खैरनारचे पडदे बघायला लोक वधूवरांना सोडून पुढे यायचे. पण प्रत्येक पडद्यात तो मुद्दाम एक चूक ठेवायचा. कारंज्याची सावली भलतीकडे. एका हंसाचं पाण्यातलं प्रतिबिंब नाहीच. सूर्य उजवीकडे आणि एकच झाड डावीकडून उजळलेलं. मला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी तापलो. म्हटलं, गिऱ्हाइकाने पाहिलं तर?

"तीट शे ती," तो म्हणाला. "बाळ देखणं दिसायला लागलं की आई गालाला काजळ लावते ना? तसं. नाही लावली तर चित्र स्वतःला खरं समजायला लागतं."

"चित्राला काय समजतंय?"

"चित्राला नाही समजत. बघणाऱ्याला समजायला लागतं, ते वाईट."

त्याची मुलगी वैशाली तेव्हा लहान होती. शाळा सुटली की दप्तर घेऊन गोदामात यायची. नवा पडदा बांबूवर चढला की ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची, आणि तीट सापडेपर्यंत बाप तिच्याशी बोलायचा नाही. सापडली की ती ओरडायची नाही, नुसतं त्याच्याकडे बघायची आणि एक भुवई वर करायची. हाही एक भुवई वर करायचा. मग दोघं चहा प्यायचे, बशीत ओतून. बाकी कोणाला तीट कुठे आहे ते सांगायचं नाही, असा त्यांचा करार होता. मला त्यांनी क्वचितच सांगितलं, तेही मी भाडं वसूल करून आल्यावर, खुशीत असलो तर.

खैरनारला वाचायचं वेड होतं, पण एकाच गोष्टीचं. रद्दीवाल्याकडून जुने दिवाळी अंक घ्यायचा, त्यातल्या विज्ञानकथा तेवढ्या फाडून ठेवायचा आणि उरलेला अंक परत रद्दीत द्यायचा. दुपारी डबे सुटले की गड्यांना गोष्टी सांगायचा. एक त्याची स्वतःची होती, तीच जास्त. कुठल्याशा ग्रहावर हवा वाईट झाली. तिथल्या लोकांनी अख्ख्या गावावर मंडप टाकला आणि आतून आकाश रंगवलं. पिढ्या गेल्या. मंडप आहे हेच लोक विसरले. आत जन्मलेली माणसं त्या कापडाकडे बघून पावसाची वाट बघायची.

"एवढ्या मंडपाचा ठेका कोणाला मिळाला होता?" मी विचारायचो.

"तुमच्याच पूर्वजांना," तो म्हणायचा. "म्हणून तर गळत होता."

गडी हसायचे. मग तो पुढे सांगायचा. एका पोराला एक दिवस वर शिवण दिसते. ते सगळ्यांना दाखवतं. सगळे म्हणतात, शिवण कुठे आहे, तुझेच डोळे तपास. पुढे पोराचं काय होतं ते दर वेळी वेगळं असायचं. कधी ते शिवण उसवून बाहेर पडायचं, कधी त्याला चष्मा लावला जायचा. त्या दिवशी काम किती झालंय यावर गोष्टीचा शेवट ठरायचा.

आता एका पंथाच्या मंडळींकडे येतो. त्यांचं नाव लिहीत नाही, ते स्वतःला 'परिवार' म्हणत, तेवढं पुरे. त्यांच्या प्रमुखांना सगळे मोठे भाऊ म्हणायचे. त्यांच्या एका सोहळ्याचा मंडप माझ्याकडे होता आणि पडदा खैरनारचा. पडदा सैल झाला म्हणून तो मागे शिडीवर चढून दोऱ्या आवळत होता, आणि पुढे मोठे भाऊ बोलत होते. हे जग म्हणजे रंगवलेला पडदा आहे. तुम्ही त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेताय आणि त्यालाच आयुष्य म्हणताय. सगळे झोपलेले आहेत. जो पडद्याची शिवण बघेल तो जागा.

खैरनार शिडीवरून उतरला तेव्हा त्याचा चेहरा मी ओळखला नाही. म्हणाला, "शेठ, हा माणूस माझी गोष्ट सांगतोय."

"मग त्याच्याकडून भाडं घे."

तो हसला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आयुष्यभर त्याने ती गोष्ट गड्यांना सांगितली होती आणि गड्यांनी ती भाकरीबरोबर खाल्ली होती. इथे एक पांढऱ्या कपड्यातला माणूस हजारो लोकांसमोर तीच गोष्ट सांगत होता, आणि लोक रडत होते.

त्याची बायको कमल जायला तयार नव्हती. माझ्यासमोरच ती त्याला म्हणाली, "मी डोळे उघडे ठेवूनच भाकरी थापते. मला कशाला जागं करताय?" पण तो मागे लागला. रोज संध्याकाळी तेच. शेवटी त्याने दोघींना हाताला धरून नेलं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्याने स्वतःला सगळ्यात जास्त याच गोष्टीवरून बोल लावले.

आडगावच्या पुढे मळ्यांच्या मधोमध परिवाराची वसाहत होती. तिथे मोठं सभागृह बांधलं होतं आणि त्याचं छत रंगवायचं काम खैरनारला मिळालं. सेवा म्हणून, अर्थातच. तो माझ्याकडे यायचा बंद झाला. लग्नसराई तोंडावर आली, माझे पडदे अर्धे राहिले, तेव्हा मी स्वतः गेलो. फाटकावरचा माणूस हात जोडून म्हणाला, "जागे आहात?"

मी म्हटलं, "पहाटेच उठलोय. खैरनार कुठंय?"

आत गेलो आणि मीही मान वर करून बघत राहिलो. छतभर आकाश होतं. पहाटेचं, सूर्य नुकता डोकावलेला, कडेला गुलाबी. खिडक्या बुजवलेल्या होत्या. भिंतीवर घड्याळ नव्हतं. बाहेर मे महिना भाजत होता आणि आत कायमची पहाट. लोक चटयांवर बसून वर बघत होते. वर्तमानपत्र आत चालायचं नाही, रेडिओ चालायचा नाही, बाहेरच्या नातेवाइकांकडे जायचं तर विचारून. संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या मनातली शंका सांगायची, आणि आपली नसेल तर शेजाऱ्याची. हे सगळं मला फिरवून दाखवणाऱ्या व्यवस्थापकाने कौतुकाने सांगितलं. मी त्याला म्हटलं, माझा माणूस आठवड्यातले दोन दिवस तरी द्या, काय ते ठरवू. तो म्हणाला, "आम्ही भाव करत नाही. भाव करणं म्हणजे झोपेतली बडबड."

खैरनार परांचीवरून खाली आला. पांढरा सदरा, तंबाखू सुटलेली. बोलणं गोड, सावकाश, पुस्तकातलं. त्यात एकही शे नव्हता. मला म्हणाला, "शेठ, राग मानू नका. तुम्ही चांगले आहात. पण झोपलेले आहात."

मी राग मानला. अजूनही मानतो. ज्या माणसाने माझ्या गोदामात उभं राहून लोकांना खोटं कसं ओळखायचं ते शिकवलं, त्याने मला झोपलेला म्हणावं. मी तिथे काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. चटयांवरचे लोक माझ्याकडे कीव केल्यासारखे बघत होते. शिव्या खाऊन कीव करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. गिऱ्हाईक उलटून बोललं तर निदान सौदा जिवंत असतो.

काही वर्षं गेली. एका दुपारी मी गोदामात झालरी मोजून घेत होतो. दारात खैरनार उभा. दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही. म्हणाला, "शेठ, सरस शे का?"

तो शे ऐकला आणि तयार ठेवलेल्या शिव्या राहूनच गेल्या. म्हटलं, "आहे. मागच्या डब्यात." त्याने स्टोव्ह पेटवला. त्या दिवशी तो नुसता सरस ढवळत बसला. काय झालं ते पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळलं.

छत रंगवताना त्याने सवयीने तीट लावली होती. बायकांच्या बाजूला, कोपऱ्यातला एक ढग. सूर्य पूर्वेला, आणि हा एकच ढग पश्चिमेकडून उजळलेला. त्यात बंड वगैरे काही नव्हतं, हात सवयीने गेला. कोणाचं लक्षही गेलं नाही. मग एका संध्याकाळी शंका सांगायच्या वेळी एका म्हाताऱ्याने विचारलं, तो ढग चुकलाय का?

खैरनार उभा राहिला आणि हसून म्हणाला, हो, चुकलाय, मीच चुकवलाय. मोठ्या भाऊंनी वर पाहिलं. म्हणाले, नाही. तो ढग मी ध्यानात पाहिला होता तसाच आहे. तुझ्या हातून तो रंगवून घेतला गेला. तुला चूक वाटते, कारण तू अजून पेंटर आहेस.

मग एकेकाला विचारण्यात आलं. प्रत्येकजण वर बघायचा आणि म्हणायचा, ढग बरोबर आहे. शंका विचारणारा म्हाताराही म्हणाला, आता नीट दिसला, बरोबर आहे. कमल म्हणाली, बरोबर आहे. शेवटी वैशालीला उभं केलं. तेव्हा ती चौदा-पंधराची असेल. ती वर बघत राहिली.

"मला वाटलं, भुवई उचलेल," खैरनार म्हणाला. "नुसती भुवई. बोलायची गरज नव्हती."

ती म्हणाली, "ढग बरोबर आहे." बापाकडे न बघता.

पुढे लोक त्या ढगाखाली फुलं ठेवायला लागले. त्याने स्वतः लावलेल्या काजळाच्या ठिपक्याला लोक हात जोडत होते. तो बाहेर पडला. बायकोला म्हणाला, चल. ती म्हणाली, "तुम्हीच आणलं होतं. आता मला इथं झोप लागते."

परिवारातून बाहेर पडलेल्या माणसाला त्यांच्यात नजर द्यायची नाही, असा नियम होता. शिवी नाही, मारहाण नाही. तो समोर आला तरी तिथे कोणी नाही असं धरायचं, घरच्यांनीसुद्धा. गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. परिवाराच्या बायका तिथे भाजी घ्यायला यायच्या. खैरनार दर बुधवारी जायचा. एकदा मीही होतो. कमल वांगी निवडत होती आणि हा तिच्याशेजारी उकिडवा बसला.

"ती किडकी शेतस," तो हळूच म्हणाला.

तिने हातातली वांगी खाली ठेवली, दुसरी उचलली. पण बघितलं नाही. भाजीवाली मात्र दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा जवळजवळ समाधानी होता. म्हणाला, "ऐकू जातंय."

एकदा त्याला चिडून विचारलं, तू एवढा हुशार, तुला कसं कळलं नाही? त्याने तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "शेठ, गोष्ट मला पाठ होती, तिथंच चुकलो. मंडपात राहणाऱ्याला कोणी येऊन सांगितलं की वरचं आकाश खोटं आहे, तर त्याला वाटतं हा बाहेरून आलेला. तो बाहेरचाच असेल असं कुठं शे? तोही आतलाच असतो. मंडपाच्या आत दुसरा मंडप टाकून बसलेला, पहिल्यापेक्षा लहान."

मला हे पूर्ण कळलं असं म्हणणार नाही. पण मंडपाचा माणूस असल्यामुळे एवढं कळलं की आतला मंडप लहान असला की त्याची शिवण जास्त जवळ असते, आणि तरी दिसत नाही.

तोवर फ्लेक्स आले होते. एका दिवसात छापून मिळणारा राजवाडा, त्यात सावल्या सगळ्या बरोबर. खैरनारला पडद्यांचं काम उरलं नाही. मी त्याला कमानी रंगवायला ठेवला. गिऱ्हाइकं कमानीकडे बघत नसत. तरी तो कुठेतरी एक पाकळी उलटी काढायचाच.

मग परिवाराचा निरोप आला. त्यांच्यातल्या काही मुलामुलींची लग्नं एकाच दिवशी सभागृहात होणार होती, जेवणाचा मंडप बाहेर टाकायचा होता. त्यांचा नेहमीचा मंडपवाला अडचणीत होता. माझ्या तोंडावर नकार तयार होता, चांगला घोळवलेला. पण खैरनारला बाजारात कळलं होतं की वैशालीचं लग्न त्यातच आहे. तो म्हणाला, "शेठ, घ्या काम. भाव करू नका."

"तुला आत सोडतील का?"

"नजरच द्यायची नाही तर अडवणार कसे?"

आणि तसंच झालं. तो खांद्यावर बांबू घेऊन फाटकातून आत गेला. फाटकावरचा माणूस त्याला चांगला ओळखत होता. त्याने मान फिरवली आणि मुठी आवळून उभा राहिला. व्यवस्थापक समोरून आला आणि बाजूने निघून गेला. मी बऱ्याच वर्षांनी मनापासून हसलो. त्यांच्याच नियमातून खैरनार अख्खी वसाहत फिरत होता. वाशांना सुतळी बांधली, झालर लावली, पाण्याच्या पिंपाजवळ सावलीत बसला. कोणीही त्याला काही म्हणू शकत नव्हतं, कारण तो नव्हताच.

पण सभागृहाच्या दाराशी तो गेला तेव्हा आतल्या दोघांनी, त्याच्याकडे न बघता, दार लोटून घेतलं. वाऱ्याने लोटलं जावं तसं. तो थोडा वेळ त्या दारासमोर उभा राहिला. मग परत येऊन बांबू मोजू लागला.

आतली कमान एका बाजूला झुकली म्हणून मला बोलावलं. मी गेलो. तीच पहाट, तेच छत, फक्त रंग जरा धुरकटलेला. मुली ओळीने बसल्या होत्या. वैशाली मला पटकन ओळखू आली नाही. हनुवटीवरून आली. तिची आई मागे बसली होती, हातात अक्षता. मी कमान सरळ करायच्या निमित्ताने रेंगाळलो. व्यवस्थापक मला घाई करत होता. मंत्र चालू होते, मुलीने मान खाली घातली होती, आणि मग तिने ती उचलली. समोर नवऱ्याकडे नाही. वर, कोपऱ्यात, उलट्या उन्हाच्या त्या ढगाकडे. थोडा वेळ तिथेच बघत राहिली, आणि एक भुवई वर गेली. मग मान पुन्हा खाली.

मी बाहेर आलो. खैरनार टेम्पोजवळ होता, दोर गुंडाळत. मी त्याला सांगितलं. जसं पाहिलं तसं, एक शब्दही न वाढवता. आयुष्यभर बोली लावून बोललो, त्या दिवशी तेवढं एक बोलणं पूर्ण होतं. आणि बोलता बोलताच मला कळत होतं की समोर असा माणूस आहे, ज्याने माझं बोलणं कधीच पूर्ण धरलेलं नाही.

त्याने दोर गुंडाळणं थांबवलं नाही. "वर बघितलं?"

"वर."

"त्याच ढगाकडे?"

"त्याच."

"आणि भुवई?"

"एक भुवई."

तो माझ्या डोळ्यात बघत राहिला, मी गिऱ्हाइकाच्या बघतो तसा. मी पापणी हलू दिली नाही. मग तो टेम्पोत चढला, बांबूंवर पाय सोडून बसला आणि तंबाखूची डबी काढली.

"निम्म्यानं धरतो, शेठ," तो म्हणाला. "निम्मं खूप शे."

टेम्पो निघाला. पुढच्या आठवड्यात तो नामपूरला गेला, तो परत आला नाही. मला तो आठवतो तो असा. मळ्यांमधल्या धुळीच्या रस्त्याने दूर जाणारा टेम्पो, बांबूंवर पाठमोरा बसलेला माणूस, आणि मान वर केलेली, खऱ्याखुऱ्या आकाशाकडे, कुठेतरी एक चूक सापडते का ते बघत.